कावळा शिवला तेव्हा आण्णा काय बोलले

आमच्याकडे आमदार लग्नाला आला नाही तरी चालतं, दहाव्याला मात्र यावाच लागतो. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात. माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर दशक्रिया. एकीकडे पिंड मांडलेले, एकीकडे मुंडणं चाललेली, मंडपात महाराजांचं प्रवचन, आणि ते आटोपलं की माइकवर श्रद्धांजल्या. आधी गावातले, मग सोसायटीचे, मग पंचायत समितीचे असं करत करत शेवटी आमदार बोलणार. गेलेल्याला त्यांनी उभ्या आयुष्यात एकदा पाहिलेलं असो वा नसो, त्याच्या कष्टाळू स्वभावाबद्दल ते गहिवरून बोलणार. आमचे आमदार तर एका सकाळी दोन-तीन घाट उरकायचे. लोक मागे हसायचे आणि घरात कुणी गेलं की पहिला फोन त्यांच्याच माणसाला लावायचे.

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. डेअरीवर दूध घालायला गेले की मी फॅट लावणाऱ्याच्या हाताकडे टक लावून बघायचे. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. ते मला फौजदारीण म्हणायचे. 'हिला मशीनवर बी इस्वास न्हाई आन् माणसावर बी न्हाई,' असं आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. त्यांचं स्वतःचं बरोबर उलटं होतं. एकदा माणूस आपला म्हटला की तो कायमचा आपला.

आमदार असेच आबांचे 'आपले' होते. पहिल्या निवडणुकीत ते पडले, तेव्हा आमच्या वाडीतून त्यांच्या मागे फिरणारे आबा एकटेच होते म्हणे. हे 'म्हणे' माझं; आबा ते खात्रीनं सांगायचे. पुढे ते निवडून आले, पुन्हा आले, आणि दर निवडणुकीला आमचं अंगण हेच वाडीचं प्रचाराचं ऑफिस झालं. आई चहाचं पातेलं चुलीवरून उतरवायची नाही. आबा पांढरीशुभ्र टोपी घालून पडवीत बसायचे आणि कुणी दुसऱ्या पक्षाचा शब्द काढला की नुसते हसायचे. ते हसणं मोठं चिडवणारं असायचं.

दोन हजार सालानंतरची पहिली विधानसभा लागली, त्या पावसाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं होतं. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. आबांनी खाट पडवीच्या कडेला लावून घेतली. तिथून शेतापलीकडचा डांबरी रस्ता दिसतो आणि आमच्या वाडीकडे वळणारा फाटाही दिसतो. आमदार पुन्हा उभे राहणार हे ठरलेलंच होतं. गाड्या फिरायला लागल्या होत्या. रस्त्यावरून धुरळा उडवत जीपा गेल्या की आबा मान उचलायचे.

"साहेब आलं का?"

"न्हाई आबा," माझे वडील सांगायचे. त्यांना सगळी वाडी आण्णा म्हणते, आम्हीही तेच म्हणतो.

"येतील. कामात असत्याल."

सुरुवातीला दिवसातून एकदा विचारायचे, मग कुठल्याही गाडीचा आवाज आला की विचारायला लागले. एसटीचा हॉर्न वाजला तरी विचारायचे. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. ज्या माणसासाठी आबांनी वीस-पंचवीस वर्षं घसा कोरडा केला, त्याला फाट्यावरून आत वळायला किती वेळ लागतो?

आईनं एकदा न राहवून सांगितलं, "येऊन गेलं की आबा. तुमचा डोळा लागला व्हता, म्हनून उठवलं न्हाई."

आबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता उठून बसतात. पण आण्णा बाहेरून आले, त्यांनी ते ऐकलं आणि सरळ म्हणाले, "आबा, ती खोटं बोलती. साहेब आलं नव्हतं."

त्या दिवशी आई आण्णांशी बोलली नाही. मीही बोलले नाही. एवढं खरं कशाला हवं असतं माणसाला? पण आण्णा तसेच होते. वाडीत कुणाच्या बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे त्यांनाच बोलवायचे, ते याचसाठी. ते दगड कुठं होता म्हणतील तिथंच तो होता असं लोक धरून चालायचे. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. आमच्या घरात मिरवायसारखं दुसरं काही नव्हतं.

आण्णांनी चेअरमनकडे निरोप दिला. आमच्या गावच्या सोसायटीचे हे चेअरमन आमदारांचे अगदी खासमखास. आमदारांच्या गाडीत मागच्या सीटवर त्यांची जागा ठरलेली. आण्णा त्यांना म्हणाले, "आबांनी ध्यास घेतलाय. साहेबांना एकदा उभ्या उभ्या येऊन जाया सांगा." चेअरमन म्हणाले, "सांगतो की राव. हे काय सांगणं झालं?" पुढच्या आठवड्यात आण्णांनी पुन्हा निरोप दिला. पुन्हा तेच, "सांगितलंय, येनार हायेत."

मला तेव्हाच वाटलं, इथं पाणी मुरतंय. हा माणूस सांगतच नसणार. आबांसारखा जुना माणूस बाजूला झाला तर वाडीचा सगळा कारभार ह्याच्याच हातात जाणार, मग आबांची भेट कशाला घडवून आणेल? मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुला तर देवळातला गुरव बी चोर दिसतो." पण तिनं माझं म्हणणं खोडून काढलं नाही.

गणपती उठले आणि आबा गेले. सकाळची वेळ होती. रस्त्यावरून कुठली तरी गाडी गेली, त्यांनी मान उचलली, पण विचारलं नाही. मग मान खाली ठेवली.

दहावा आला तो ऐन पितृपंधरवड्यात. मतदानाला आठवडाही उरला नव्हता. असा योग कुणाच्याच आठवणीत नव्हता, आणि घाटावर जी गर्दी लोटली ती काही आबांच्या एकट्याच्या पुण्याईची नव्हती. आमदार आले. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला उमेदवारही आला. तो तरुण होता, जोरात होता, आणि आमच्या वाडीतली पोरं उघड उघड त्याच्याकडे झुकलेली होती. आचारसंहिता असल्यानं दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी गळ्यातली उपरणी काढून खिशात कोंबली होती. खिशातून रंगाची टोकं बाहेर लोंबत होती, ते सोडलं तर सगळं सोवळं होतं. मंडपात आमदारांची माणसं डावीकडे, त्याची उजवीकडे, आणि मधे आमचे पाव्हणे, कुणाकडे बघून हसावं ह्या पेचात पडलेले.

मी बायकांमध्ये पुढेच बसले होते. आमदार पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, डोळे मिटून बसले होते. महाराज देह नश्वर असल्याचं सांगत होते. मी मनात म्हणत होते, आबा खाटेवर होते तेव्हा फाट्यावरून वळता आलं नाही, आणि आता सगळ्यांच्या आधी हजर. मत मागायला जिवंत माणसापेक्षा मेलेला बरा, तो काही विचारत नाही.

श्रद्धांजल्या झाल्या. विरोधी उमेदवार मोजकंच बोलला. आमदार बोलले, "आबा गेले, माझा आधारवड गेला." आवाज दाटून आला. मला तो आवाज खरा वाटेना आणि खोटाही ठरवता येईना, त्यामुळे आणखीच चीड आली.

मग सगळे पिंडाकडे वळले. भाताच्या पिंडाशेजारी आबांच्या आवडीचं ठेवलं होतं: गरम शेव, कपात चहा, तपकिरीची डबी. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसले होते, भरपूर होते. पण एकही खाली येईना. गर्दी मागे सरकली, टोप्या उतरल्या, माना वर झाल्या. कावळे आपले पंख खाजवत बसले.

पितृपंधरवडा चाललेला, घरोघर वडे, खीर, भजी पत्र्यावर ठेवलेली. त्यांची पोटं गच्च भरली होती, हे मला लगेच सुचलं. माझ्याशेजारच्या म्हातारीला मी तसं म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले.

कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं आमच्यात समजतात. मग एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायचा. चुलते पुढे झाले, "आबा, जमीन वाटनार न्हाई, एकत्र राहू." कावळे ढिम्म. आत्या पुढे झाली, "तुमच्या कपिलेला इकनार न्हाई, मी नेते माझ्याकडं." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसला. कुणी म्हणालं नातीचं लग्न, म्हणजे माझं. "यंदा उरकतो," असं चुलत्यांनी परस्पर सांगून टाकलं. तेव्हा कावळा आला नाही ह्याचं मला फार बरं वाटलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून ठेवलाच होता. त्यानं शिववून मोकळं व्हावं असं त्यांचं चाललं होतं. ऊन वाढलं होतं.

चेअरमनच्या हातात अजून माइक होता. ते म्हणाले, "थांबा गुरुजी. आबांची इच्छा काय व्हती ती सगळ्या वाडीला ठाव हाये. त्यांचा जीव कुणात व्हता? आण्णा, तुमी थोरलं. तुमी म्होरं व्हा आन् शब्द द्या. आबांना जे ऐकायचंय ते सांगा."

उजवीकडून कुणी तरी चुकचुकलं. विरोधी उमेदवारानं मान खाली घातली. आमदार हात जोडून उभे होते. ह्या बेताची त्यांना कल्पना होती की नव्हती, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. चेअरमननी जाळं अगदी चोख टाकलं होतं. आण्णा पुढे झाले नाहीत तर बापाची इच्छा मारली, आणि झाले तर सगळ्या वाडीदेखत मत बांधलं गेलं.

आण्णा पुढे झाले. नुकतंच मुंडण झालेलं, डोकं उन्हात चमकत होतं. पिंडासमोर उकिडवे बसले, हात जोडले आणि खालच्या आवाजात काही तरी बोलले. माइक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. ओठ हलले एवढंच दिसलं. फार लांबलचक नव्हतं ते, चार शब्द असतील नसतील.

आणि कावळा आला. एकच आला, थेट पिंडावर बसला, चोच मारली, शेव उचलली आणि गेला.

घाटावर एकदम आवाज झाला. लोक टाळ्याच वाजवणार होते, जागेचं भान आलं म्हणून हात खाली गेले. चेअरमन माइकवर म्हणाले, "आबांना शब्द पोचला." आत्या रडायला लागली. मी मात्र बघत होते, चेअरमनचा पुतण्या दगडांच्या मागून उठून कुठं चाललाय. त्याच्या हातात कागदाची पुडी होती. कावळा कशाला भुलून त्या बाजूला आला, ह्याबद्दलचा माझा संशय अजून गेलेला नाही. पण ते कुणाला सांगणार?

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता. आण्णा काय बोलले?

आईनं विचारलं. चुलत्यांनी विचारलं. मी तर हात धुऊन मागे लागले. आण्णा म्हणाले, "ते माझं आन् आबांचं हाये." त्यापुढे एक अक्षर नाही. चेअरमननी तर विचारलंच नाही. आण्णांनी शब्द दिला, असं त्यांनी तालुकाभर करून टाकलं. विरोधी उमेदवाराची पोरं आमच्या दारावरून जाताना खाली बघून जायला लागली. आण्णांच्या मनात यंदा काय आहे, ह्याचा अंदाज मला आबा आजारी असतानाच आला होता. साहेबांच्या सभेचा भोंगा वाजायला लागला की ते उठून गोठ्यात जायचे. म्हणून मला कोडंच पडलं. ह्या माणसानं खरंच शब्द दिला असेल, तर तो पाळणार. आणि पाळला, तर आबांना झुलवणाऱ्यालाच मत देणार.

मतदान शाळेत होतं. विधानसभेला आमच्या वाडीत मशीन पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्याच्यावर लोकांचा माझ्याहून जास्त अविश्वास होता. बटण दाबलं की शिट्टी वाजते, ती प्रत्येक चिन्हाची वेगळी असते, बाहेर उभं राहिलेल्याला बरोबर कळतं, अशी आवई उठली होती. ती कुणी उठवली हे सांगायला नको. चेअरमन कुंपणाबाहेर टेबलाशी बसून कान देत होते. आमच्या शेजारची काकू मतदान करून आली ती घाबरून म्हणाली, "माझी शिट्टी लई मोठ्यानं वाजली गं." माझं ते पहिलंच मत. कुणाला दिलं ते मी कधी सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. आण्णा माझ्या पुढे होते. पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेले, शिट्टी वाजली, बाहेर आले. चेहऱ्यावर काही नव्हतं.

आमदार निवडून आले, पण अगदी निसटते. मोजणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाच्या तोंडात घास जात नव्हता. पूर्वी सगळ्या पेट्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायचे. आता मशीनमुळे कुठल्या शाळेत कुणाला किती, हे त्याच दिवशी सगळ्यांच्या हातात आलं. आणि आमची वाडी आमदारांच्या विरोधात गेली होती. चांगलीच गेली होती.

कारण अगदी साधं होतं. आमची वाडी कालव्याच्या चारीच्या शेवटच्या टोकाला, आणि तिथपर्यंत पाणी कधी पोचलंच नव्हतं. प्रत्येक निवडणुकीला पोचणार होतं. पोरांना त्याचा कंटाळा आला होता. पण हे मान्य करायचं तर चेअरमनना स्वतःला उत्तर द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा एक माणूस सापडणं सोपं, आणि तो घाटावर आयता सापडलेला होता.

ते गुलाल न पुसताच आमच्या अंगणात आले. बरोबर दहा-बारा जण. "आण्णा, वाडी तुमच्याकडं बघून मत देती. बापाच्या पिंडापुढं शब्द दिलाव आन् मोडलाव?"

आण्णा म्हणाले, "मी मताचा शब्द दिलाच न्हाई."

"मग काय बोललाव? सांगा की हितं. आमी चुकीचं असू तर पाया पडतो."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता सांगतील. एक वाक्य सांगितलं की संपलं. सगळं अंगण वाट बघत होतं. आण्णांनी पडवीत आबांच्या खाटेच्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाई सांगायचं."

झालं. जो सांगत नाही तो लपवतो, असा हिशेब सगळ्यांनी केला. मीही तोच केला, खोटं कशाला बोलू. त्यानंतर बांधाच्या भांडणाला आण्णांना कुणी बोलवलं नाही. एकदा शेजारच्याच दोघा भावांचं जुंपलं, दगड आण्णांच्या डोळ्यांसमोर रोवलेला होता, तरी त्यांनी लांबून तलाठी आणला. आण्णा गोठ्याच्या दारात उभे राहून बघत होते. तो तलाठी चुकीची जागा दाखवतोय हे त्यांना दिसत होतं. ते गेले नाहीत. 'पिंडापुढं शब्द फिरवणारा' हे वाक्य आमच्या घरावर चिकटलं ते चिकटलंच, आणि माझ्या लग्नाच्या बोलणीतही आंबेगावकडच्या एका घरानं ते आडून आडून काढलं. मी त्या रात्री जेवले नाही. आण्णांचा मला इतका राग कधी आला नव्हता. आईला म्हटलं, "असं काय आहे त्या चार शब्दांत, की त्यापायी घराची इज्जत घालवायची?"

आई म्हणाली, "त्यांना सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. काय तरी आबांच्या इज्जतीचं असंल." तिलाही ठाऊक नव्हतं, पण तिनं बरोबर ओळखलं होतं.

पुढच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. तोवर माझं लग्न होऊन मी आळ्याला राहायला गेले होते. आबांच्या पितराला माहेरी आले होते. अजून अर्ज भरायचे होते, पण गाड्या फिरायला लागल्या होत्या आणि आमदार पुन्हा उभे राहणार, हे पोराटोरांना माहीत होतं. जेवणं उरकली, पत्र्यावर घास ठेवला, आणि अंगणात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस चालत आला. बरोबर कुणी नाही. गाडी लांब रस्त्यावर उभी केलेली.

आमदार होते. थकलेले दिसत होते, केस विरळ झाले होते. आई पदर सावरत आत गेली. मी मात्र पडवीतच उभी राहिले. पितराचाच दिवस बरा सापडला, असं माझ्या मनात आलं.

पडवीत आता खाट नव्हती, त्या जागी एक लाकडी बाक होता. आमदार त्यावर बसले. आण्णा समोर जोत्यावर.

"आण्णा, मत मागायला नाही आलो," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "म्हणजे त्यालाच आलोय, पण ते नंतर. आधी एक विचारायचंय. पाच वर्षं डोक्यात आहे. चेअरमन सांगतो, तुम्ही मला मत द्यायचा शब्द दिला आणि फिरलात. पलीकडचे सांगतात, तुम्ही घाटावर मला तळतळाट दिला. तुम्ही काय बोलला होतात?"

मी मनात म्हटलं, आता 'ते माझं आन् आबांचं' येणार. पण आण्णांनी त्या माणसाकडे नीट बघितलं.

"तुमीच इचारताय म्हनून सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाई." आण्णांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी म्हटलं, आबा, साहेब आल्यात."

आमदारांना कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आजारपणात रोज इचारायचं, साहेब आलं का. गाडी वाजली की इचारायचं. मला खोटं बोलता येत न्हाई, मी न्हाई म्हनायचो. त्या दिवशी तुमी खरंच आला व्हता. म्हटलं, सांगावं. तेवढंच ऐकायचं व्हतं त्यांना."

मी खांबाला धरून उभी होते. पाच वर्षं मी मत, शब्द, पुडी, पुतण्या ह्यांतच घुटमळत होते. सगळ्या अंगणासमोर आण्णांनी हे का सांगितलं नाही, हेही तेव्हाच कळलं. आबा आमदारासाठी असे डोळ्यांत प्राण आणून वाट बघत पडले होते, हे त्यांना वाडीत कुणाच्या चघळायला द्यायचं नव्हतं. त्यापेक्षा स्वतःचा शब्द गेला तरी चालेल, असं ठरवून ते गप्प बसले होते. त्याचबरोबर जुना राग उसळून आला. मी विचारलं, "साहेब, चेअरमननी तुम्हाला निरोप दिलेच नव्हते ना?"

आमदारांनी मान हलवली. "दिले होते बाई. प्रत्येक वेळी दिले. गाडीत बसला की पहिलं तेच सांगायचा. एकदा तर माझ्याशी भांडला." खोटं बोलून सुटायची केवढी सोपी वाट मी त्यांना काढून दिली होती. ती त्यांनी घेतली नाही. "मला वाटायचं, आबा काय, आपलाच माणूस. ते कुठं जातात? जे डळमळीत आहेत त्यांच्याकडे आधी जाऊ."

आई चहा घेऊन आली आणि कप हातात तशीच थांबली. पत्र्यावर कावळे घासासाठी भांडत होते, त्यांचे पाय वाजत होते.

आमदारांनी बाकावर हात फिरवला. "खाट कुठं असायची त्यांची?"

"तुमी बसलाय तिथंच," आण्णा म्हणाले.

त्यांनी मान वर करून समोर बघितलं. शेतापलीकडे डांबरी रस्ता, वाडीकडे वळणारा फाटा, आणि त्या फाट्यावर उभी असलेली त्यांची पांढरी गाडी. बोनेटला टेकून ड्रायव्हर उभा होता, तोसुद्धा स्पष्ट दिसत होता.

"इथून गाडी दिसते की," ते म्हणाले.

"लई लांबनं दिसती," आण्णा म्हणाले. "वळली का सरळ गेली, ते बी कळतं."